आडव्या पलंगाचे पाच लाख

सेकंड-हँड टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची आणि तिची दोघांपुरती कॅम्पर व्हॅन करून घ्यायची, असा बेत हल्ली निवृत्तीच्या आसपासची बरीच जोडपी करतात. आम्हीही केला. कोकणात ऐन सीझनला खोल्या शोधत फिरायला नको, ह्यांच्या पाठीला रोजची गादी, आणि चहा आपल्या हातचा. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अशा गाड्या करून देणारे लहान कारखाने आहेत. त्यातल्या एकाने आम्हाला पाच लाखांना गंडा घातला. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण याच पद्धतीने त्याने आणखी लोकांना बनवलंय हे नंतर कळलं.

आमिष होतं थ्रीडी चित्रांचं, आणि तेही फुकट. "काकू, आधी लेआउट बघा, पसंत पडला तरच ॲडव्हान्स द्या." दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर चित्रं हजर. मागे रुंदीत आडवा डबल बेड, त्याच्याखाली सामानाला भरपूर जागा, मध्ये ओटा, सिंक आणि फ्रिज, त्याच्यासमोर छोटं टॉयलेट, ड्रायव्हरच्या मागे दोघांना बसायला बाक आणि फिरतं टेबल. ओट्यापाशी एक बाई उभी, बाकावर तिचा नवरा पुस्तक वाचत बसलेला. एवढी ऐसपैस जागा, की आमच्या नारायण पेठेतल्या स्वयंपाकघराने लाजावं.

सगळी मेख त्या आडव्या पलंगात होती. व्हॅनमध्ये सर्वांत जास्त जागा खातो तो पलंग. तो लांबीत घातला की गाडीची सव्वासहा फूट लांबी गेलीच. रुंदीत आडवा घातला, तर साडेचार फुटांत दोन माणसं मावतात. म्हणजे पावणेदोन फूट लांबी वाचते, आणि नेमक्या तेवढ्यात टॉयलेट बसतं. युरोपात हे जमतं, कारण तिकडे फियाट ड्युकाटो ही व्हॅन यासाठी सर्रास वापरतात आणि तिची आतली रुंदी १.८७ मीटर, म्हणजे सहा फुटांहून थोडी जास्तच असते. आपली ट्रॅव्हलर बाहेरूनच जेमतेम १.९ मीटर रुंद. आमच्या गाडीत टेप लावला तर पत्र्यापासून पत्र्यापर्यंत पाच फूट नऊ इंच भरले. त्यात दोन्ही बाजूंना इन्सुलेशन, पट्ट्या आणि प्लाय आला की उरतात साडेपाच फूट. हे आहेत पाच फूट दहा इंच. टेप लावायच्या आधीच, ऑर्डर घेताना, ह्यांनी उंचीचा विषय काढला होता. त्यावर त्याचा व्हॉइस मेसेज आला : "काका सहा फुटी असले तरी पाय पसरून झोपतील, माझी गॅरंटी."

ती चित्रं ट्रॅव्हलरची नव्हतीच. आमच्या भाच्याने, तो आर्किटेक्ट आहे, मोबाइलवर चित्र मोठं केलं आणि ओट्यावरच्या भिंतीतल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. आकडे उलटे. बाराच्या डावीकडे एक, उजवीकडे अकरा. युरोपात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे व्हॅनचं सरकतं दारही उजवीकडे असतं. आपल्याकडे ते डावीकडे लागतं. या पठ्ठ्याने कुठल्या तरी परदेशी गाडीचं चित्र उचलून आरशातल्यासारखं फिरवलं होतं. बाकीच्या चित्रांत घड्याळ नव्हतं, पण ती बाई होती, आणि ओटा तिच्या छातीपर्यंत येत होता. ओटा तेहतीस-चौतीस इंचांचा धरला, तर बाई चार फुटांच्या आसपासची. माणसं बारीक केली की गाडी आपोआप मोठी दिसते. शिवाय मागच्या चाकांचे फुगवटे, जे ट्रॅव्हलरमध्ये दोन्ही बाजूंनी चांगले आत येतात, ते चित्रात कुठेच नव्हते. हे सगळं भाच्याच्या लक्षात आलं तोवर गाडी कारखान्यात जाऊन सीट उचकटून झाल्या होत्या.

पैशांची रचनाही अशीच विचार करून केलेली. कोटेशन साडेसात लाखांचं. दोन लाख ऑर्डरच्या वेळी. मग 'माल आला' म्हणून फोटो : प्लायची थप्पी, बॅटरीचा खोका, सोलर पॅनल. त्यावर दीड लाख. मग "डीलर रोखीत स्वस्त देतोय काकू, आज उचललं तर तुमचाच फायदा," म्हणून दीड लाख रोख. रोखीची पावती म्हणजे हाताने लिहिलेलं 'एस्टिमेट', त्यावर ना जीएसटी नंबर, ना सही. प्लायच्या थप्पीचा तोच फोटो नाशिकच्या एका गृहस्थांनाही त्यांचा माल म्हणून गेला होता. मागे भिंतीला टेकवलेली सायकलसुद्धा तीच. आणि तोवर गाडी त्याच्या शेडमध्ये, चावी त्याच्याकडे, आतून उघडी केलेली. अशा वेळी भांडायचं तरी कशाच्या जोरावर? मजूर छठला गावी गेलेत, सुतार आजारी आहे, फ्रिज बंदरात अडकलाय, अशी कारणं महिनोन् महिने चालली. शेवटी ह्यांच्या मित्राला आणि भाच्याला बरोबर घेऊन गेलो आणि गाडी होती तशी घेऊन आलो. आडव्या पलंगाबद्दल विचारलं तर म्हणतो, "तिरकं झोपा ना काका." तिरकं एक माणूस झोपतो. दुसऱ्याने काय टपावर जायचं?

गाडी दारात आल्यावर भाच्याने आणि एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने ती उलगडायला घेतली. बॅटरीवर स्टिकर होतं : लिथियम, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर. गुणाकार केला तर २५६० वॅट-अवर. १०० वॅटचा बल्ब इन्व्हर्टरवर लावला तर गळती धरूनही वीस तास चालायला हवा. आमचा नऊ तासही तगला नाही. खोका उघडला तर आत वेगवेगळ्या बनावटीचे जुने सेल, काहींवरचं छापील लेबल खरवडलेलं. इन्व्हर्टर १००० वॅटचा. १२ व्होल्टवर तो पूर्ण ताकदीने चालला की ऐंशी-नव्वद अँपिअर ओढतो. त्याला जोडलेली वायर घरातल्या पंख्याला वापरतात तेवढ्या जाडीची, आणि मध्ये फ्यूज नावाला नाही. इलेक्ट्रिशियन नुसता मान हलवत राहिला. पैशांचं एक वेळ बाजूला ठेवू, पण आम्ही त्या बॅटरीच्या वरच झोपणार होतो.

गॅसचं त्याहून वाईट. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक लागतंच. आमचा कप्पा चारी बाजूंनी सनमायका लावून चकाचक बंद केलेला. प्लाय कोटेशनमध्ये 'मरीन'. मरीन प्लायवर आयएस ७१० असा छाप असतो. आमच्या फळ्यांच्या मागच्या बाजूला आयएस ३०३, एमआर असं होतं, म्हणजे साधा कमर्शियल प्लाय. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालची फळी फुगून थर सुटले. आणि ओटा, शंभर लिटरची टाकी, बॅटरी, फ्रिज असं सगळं वजन एकाच अंगाला, उजवीकडे. वजनकाट्यावर आधी डावी चाकं आणि मग उजवी चाकं चढवून बघितली, तर उजवीकडे पावणेदोनशे किलो जास्त. हा काटा कुठल्याही हायवेला सापडतो आणि शे-दोनशे रुपयांत काम होतं. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी, टाकी भरून, हे जरूर करा.

आता कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहण्या-झोपण्याच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि त्याची मंजुरी एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून घ्यावी लागते. हा माणूस म्हणे, "आरटीओचं माझ्यावर सोडा, अप्रूव्हल आहे आपल्याकडे," आणि त्याने एका सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली. एआरएआयचं नाव बघून आम्ही पुणेकर निर्धास्त. रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिला एआरएआय टेकडीच म्हणतो आपण. पण झेरॉक्स ओळीओळीने वाचली, तेव्हा मंजुरी निघाली दुसऱ्याच कंपनीच्या नावावर आणि ४०२० मिलिमीटर व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमध्ये तेवढं अंतर असलेल्या, गाडीसाठी. आमची ३३५०. थोडक्यात, आमच्या गाडीला त्या कागदाचा काडीचा उपयोग नाही. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. कोणी असं सर्टिफिकेट दाखवलं, तर त्यावरचं नाव, मॉडेल आणि व्हीलबेस आपल्या आरसीशी आणि कोटेशनवरच्या नावाशी तिथेच बसून ताडून बघा.

गाडीची मांडणी भाच्याने नंतर नव्याने केली. कॉम्प्युटरला हात न लावता, रिकाम्या गाडीच्या फरशीवर मास्किंग टेप चिकटवून. दोन्ही बाजूंना लांबीत सव्वासहा फुटांचे दोन बाक, मध्ये दीड फुटाची वाट. रात्री वाटेवर फळ्या टाकल्या की सलग पलंग. बाकांखाली एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला बॅटरी. कायमचं टॉयलेट गेलं, त्याऐवजी बाकाखाली सरकणारं पोर्टेबल आलं. मी त्या टेपच्या ओट्यापाशी उभी राहिले, हे टेपच्या बाकावर आडवे झाले, आणि मी मागे जायला निघाले की ह्यांना पाय उचलावे लागतात हेही त्यात कळलं. जो कारखानदार तुम्हाला असं टेप लावून उभं-आडवं करत नाही आणि आत प्लाय लागल्यानंतरची मापं कागदावर लिहून सही देत नाही, त्याची चित्रं कितीही गोड असोत, पैसे देऊ नका.

पोलिसांत अर्ज दिला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे पूर्वीचं चारशेवीस. चौकीत "हा दिवाणी मामला आहे" हे ऐकायची तयारी ठेवा. खरा उपयोग ग्राहक आयोगाचा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगातच चालतात आणि मुदत दोन वर्षांची आहे. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

त्याने लेखी जबाब दिला आहे. त्यात म्हणणं एकच : प्रत्येक चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरांत 'केवळ संदर्भासाठी' असं लिहिलं होतं, त्यामुळे मापांची हमी दिलेलीच नाही. आम्ही उत्तरात तो पाय पसरून झोपण्याचा व्हॉइस मेसेज जोडला आहे, वकिलांनी सांगितल्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह. त्यासाठी मूळ मेसेज असलेला फोन जपून ठेवलाय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.