सायबर सिक्युरिटीची ब्रँच घ्यायची का साधं कॉम्प्युटर सायन्स? कोल्हापूरच्या पोरांसाठी

सीईटीनंतर कॅपचा फॉर्म भरताना हल्ली ‘सायबर सिक्युरिटी’ असं नाव असलेली ब्रँच बऱ्याच कॉलेजांत दिसते आणि मग घराघरात चर्चा सुरू, स्कोप कशाला आहे म्हणून. माझं मत आधीच सांगतो. दोन्हीकडं सीट मिळत असेल तर साधं कॉम्प्युटर सायन्स घ्या आणि सिक्युरिटी त्याच्यावर चढवा. पण हे सगळ्यांना लागू नाही, कुणाला नाही ते पुढं सांगतो.

कारण समजायला आपल्याच भागातलं प्रकरण बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, क्लोन केलेल्या, म्हणजे नकली बनवलेल्या, कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले आणि त्यातले काही चक्क कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले. एरवी तुम्ही कार्ड घातलं की मधला स्विच (व्यवहार पुढं पाठवणारी यंत्रणा) बँकेच्या कोअर सिस्टिमला, म्हणजे खात्यांचा मूळ हिशेब असतो तिला, विचारतो, खात्यात शिल्लक आहे का, आणि होकार आला तरच पैसे बाहेर येतात. इथं चोरांनी मध्ये स्वतःचा खोटा स्विच उभा केला आणि तोच परस्पर होकार देत राहिला, कोअर सिस्टिमपर्यंत प्रश्न गेलाच नाही. आता हे नीट कळायला काय लागतं? नेटवर्किंग (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणं), ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, आणि एक मेसेज एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर कसा जातो याची पक्की समज. कॉम्प्युटर सायन्सला हे सगळं सक्तीनं आणि सावकाश होतं. सायबरच्या ब्रँचला पण होतं, पण क्रिप्टोग्राफी (माहिती गुप्त ठेवायचं शास्त्र), फॉरेन्सिक्स (हल्ल्यानंतर पुरावे शोधणं), सायबर कायदा हे सगळं त्याच चार वर्षांत बसवायचं म्हटल्यावर कुठंतरी कात्री लागणारच, आणि ती बहुतेक पायाच्याच विषयांना लागते.

सायबर ब्रँचची जमेची बाजू पण आहे, नाही असं नाही. सोबतची सगळी पोरं त्याच नादाची असतात, सीटीएफ (हॅकिंगची कोडी सोडवायची स्पर्धा) खेळायला टीम लगेच जमते. पण कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या डेव्हलपर शोधत येतात, तेव्हा पात्र ब्रँचच्या यादीत ही ब्रँच धरतात का, हे सिनियर पोरांना विचारा, कॉलेजला नको. आणि सिक्युरिटीतली पहिली नोकरी बरेचदा सॉकमध्ये (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर), म्हणजे शिफ्टमध्ये बसून अलर्ट बघत राहायचं, तेही पुण्यात नाहीतर बंगळुरूला, रात्रपाळीसकट. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

साधी इंजिनिअरिंग करून नंतर वळायचं असेल तर सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा डीआयटीआयएसएस हा सिक्युरिटीचा पीजी डिप्लोमा आहे, साधारण ६ महिन्यांचा, सीकॅट परीक्षा देऊन प्रवेश मिळतो. मला हा रस्ता लई आवडतो कारण तोवर पोराला आपल्याला खरंच हे आवडतंय का ते कळलेलं असतं.

आता कुणाला माझं मत लागू नाही ते. कोडिंग अजिबात आवडत नाही पण हिशेब, नियम, कागदपत्रं यात डोकं चालतं, अशी कॉमर्सची किंवा बीसीएची पोरं असतात ना, त्यांच्यासाठी इन्फॉर्मेशन अ‍ॅश्युरन्सची, म्हणजे माहिती सुरक्षित ठेवायचे नियम ठरवायची आणि ते पाळले जातात का ते तपासायची, बाजू आहे. कॉसमॉसमध्ये शनिवारी एटीएममधून पैसे गेले आणि सोमवारी परत स्विफ्टमधून (परदेशात पैसे पाठवताना बँका वापरतात ती संदेश यंत्रणा) जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) आत कसं आलं हे सिक्युरिटीवाला शोधेल, पण मधल्या रविवारी कुठला अलर्ट कुणाकडं जायला पाहिजे, व्यवहारांचा ताळा कोण घेणार, लॉग (सिस्टिममध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी) किती दिवस ठेवायचे, हे ठरवणारा आणि तपासणारा वेगळा माणूस लागतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणं हल्ला कळल्यापासून ६ तासांत तिला कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. आपल्याकडं सहकारी बँका, दूध संघ, साखर कारखाने एवढे आहेत, तिथं हे काम करणारी माणसं लागणारच. यात पुढं सिसा हे सिस्टिम ऑडिटचं सर्टिफिकेट आहे, पण परीक्षा पास होऊन भागत नाही, सर्टिफिकेट हातात पडायला साधारण ५ वर्षांचा अनुभव लागतो, थोडी सूट मिळते तेवढीच.

‘६ महिन्यांत एथिकल हॅकर’ वाल्या क्लासबद्दल एवढंच की सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) या सर्टिफिकेटची मूळ परीक्षा १२५ एमसीक्यूंची आहे आणि ओएससीपी या दुसऱ्या सर्टिफिकेटच्या परीक्षेत जवळजवळ २४ तास परीक्षेसाठी ठेवलेल्या मशीन प्रत्यक्ष हॅक करत बसावं लागतं, दोन्हीची किंमत एकच समजू नका. आणि शिकायच्या नादात दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये परवानगीशिवाय शिरू नका, आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅबमध्ये थर्ड इयरच्या एखाद्या पोराला वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला सांगा. साध्या एचटीटीपी पेजवर लॉगिन करून तोच पासवर्ड पॅकेटमध्ये (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यात) उघडा दिसतो तो शोधून दाखव म्हणा, मग एचटीटीपीएसवर, म्हणजे त्याच्याच सुरक्षित प्रकारात, तो का दिसत नाही ते विचारा. त्याला जमलं तर तिथं शिकवतात. नाही जमलं तर ब्रँचचं नाव काही का असेना, दुसरं कॉलेज फॉर्ममध्ये वर घ्या.