चप्पल लाईनमधलं पहिलं पायताण: कोल्हापुरात नव्याने आलेल्यांसाठी

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला, नाहीतर विद्यापीठात शिकायला आलेला माणूस महिन्याभरात कधीतरी शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये पोचतोच. दुकानाला दुकान लागून आहे, दारावर जोड्या टांगलेल्या आणि कातड्याचा वास थेट रस्त्यापर्यंत. माल भरपूर आहे, कारागिरी खरी आहे आणि बहुतेक दुकानदार निवांत दाखवतात. अडचण एवढीच की हाताने शिवलेली जोडी आणि रेक्झिनचा पट्टा लावून रबरी तळावर चिकटवलेली जोडी एकाच दांडीला शेजारी शेजारी लटकतात. दोन्ही ‘कोल्हापुरी’ म्हणूनच विकल्या जातात.

फरक ओळखायचा तर चप्पल उलटी करा आणि तळाची कड बघा. खऱ्या पायताणाचा तळ म्हशीच्या कातड्याचे थर एकावर एक ठेवून केलेला असतो. कापलेल्या कडेला ते थर दिसतात आणि रंग आत-बाहेर सारखाच, बदामी ते तांबूस. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. कड आतून निळसर-राखाडी दिसली तर कातडं क्रोम वापरून कमावलंय. ते लवकर मऊ पडतं, पण पायाचा आकार तसा धरत नाही. कड भुसभुशीत असेल, नखाने कुस्करता येत असेल, तर तो कातड्याचा चुरा दाबून केलेला पुठ्ठा आहे. पहिल्या पावसात त्याचे पापुद्रे सुटतात.

मग शिवण. तळाच्या कडेने फिरलेले टाके कातड्याच्या वादीचे हवेत. वादी म्हणजे कातड्याचीच बारीक दोरी. हाताने घातलेले टाके अगदी यंत्रासारखे एकसारखे नसतात, थोडे कमीजास्त होतात, आणि तीच त्यांची खूण. नायलॉनचा चकचकीत दोरा दिसला की किंमत त्या हिशेबाने बोला. दोन्ही बाजूंचे कान, म्हणजे पट्टा ज्याला जोडलेला असतो ते जिभेसारखे तुकडे, तळाच्या थरांमध्ये घालून शिवलेले आहेत की नुसते चिकटवलेत, हे अंगठ्याने जरा ओढून बघा. चप्पल सगळ्यात आधी तिथेच सुटते.

नमुन्यांवर फार वेळ घालवू नका. कापशी, कुरुंदवाडी ही गावांवरून पडलेली नावं कानावर पडतील. गोंडा, वेणी, जरीकाम हा शोभेचा भाग. रोज घालायची असेल तर रुंद पट्ट्याची, कमी वेणीची घ्या. बारीक वेणीत धूळ बसते आणि ती पुसता येत नाही. चालताना करकर वाजणारी हवी असेल तर तसं सांगावं लागतं, त्यासाठी तळाच्या थरांत बिया घालतात. ऑफिसात मात्र तो आवाज सगळ्या मजल्याला ऐकू जातो.

आणखी एक गैरसमज. जोडी कर्नाटकातल्या अथणीची निघाली म्हणून ती नकली ठरत नाही. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. शहरातच घडताना बघायची असेल तर सुभाषनगर, जवाहरनगरकडे कारागिरांची वस्ती आहे. पायाचं माप देऊन करून घेतलेली जोडी केव्हाही सरस.

माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. इथे दुकानदाराचं ‘घाला, सैल होईल’ हे अर्धंच खरं. पट्टा ताणतो, तळाची लांबी वाढत नाही. म्हणून लांबी नेमकी हवी: उभं राहिल्यावर टाच मागच्या कडेच्या आत नखभर राहावी. पट्टा मात्र घट्ट, खाली करंगळीचं टोक जेमतेम शिरेल इतका. आजच आरामात बसणारा पट्टा दोन महिन्यांत फटफटायला लागतो, आणि मग पाय पुढे सरकून अंगठ्याच्या कडीवर सगळा भार येतो.

चप्पल चावते ती बहुतेक वेळा घाईमुळे. घरी आणल्यावर एरंडेल घ्या (नसेल तर गोडेतेल चालेल), दोन्ही पायांना मिळून दोन चहाचे चमचे पुरे. पट्ट्याची आतली बाजू, कान, अंगठ्याची कडी आणि तळाची कड इथे बोटाने चोळून रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी सुती फडक्याने पुसा. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. जास्त तेल ओतलं तर कातडं लुळं पडतं, काळवंडतं आणि पायाला डाग लागतात.

पहिले तीन-चार दिवस घरातच तासभर घाला. मग किराणा दुकानापर्यंत. मग महाद्वार रोडवरून बिंदू चौकापर्यंत, गर्दीत आपोआप हळू चालणं होतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी रंकाळ्यावर मनसोक्त फिरा, तोवर पट्टा पायाच्या हाडाप्रमाणे वळलेला असतो. पहिल्याच रविवारी नवी चप्पल घालून जोतिबाच्या पायऱ्या चढू नका. कडीपाशी फोड येतो आणि जोडी कायमची कपाटात जाते. नवा तळ गुळगुळीत फरशीवर घसरतोही. डांबरी रस्त्यावर थोडं चालून खरवडला की पकड येते.

गिअरची गाडी चालवणाऱ्यांच्या डाव्या चप्पलला अंगठ्यापाशी लिव्हर घासून खड्डा पडतो. गाडीवर दुसरं काहीतरी घाला. तळाला सगळीकडे रबर लावून घेण्याचा सल्ला मिळेल, पण मग कातड्याला वारा लागत नाही आणि घाम आतच मुरतो. फक्त टाचेला पातळ तुकडा लावा, झिजते तीच जागा.

कोल्हापूरचा पाऊस मात्र या चप्पलचा वैरी. जून ते सप्टेंबर ती वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. चुकून भिजलीच तर पुसून, आडवी, पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली की कातडं झटकन आकसतं, थर वर वळतात आणि वादी तुटते. पूर्ण सुकायच्या आधी, किंचित ओलसर असतानाच तेलाचं एक बोट फिरवा.

त्यामुळे खरेदीला चांगले दिवस दसऱ्यानंतरचे. पाऊस संपलेला असतो आणि पुढचे सात-आठ महिने जोडी पायात राहते. हाताने शिवलेल्या साध्या जोडीला हजाराच्या आसपास मोजायची तयारी ठेवा, बारीक वेणीकामाला त्याहून जास्त. शंभर-दीडशेची घासाघीस चालते, पण निम्म्यावर येणाऱ्या जोडीची तळाची कड पुन्हा एकदा बघा. घातलेली चप्पल सहसा परत घेत नाहीत, तेव्हा दोन्ही पायांत घालून दुकानातच वीस-पंचवीस पावलं चाला. वादी सुटली तर पुन्हा शिवून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. स्वतःच्या कामाची खात्री असलेला माणूस लगेच हो म्हणतो.