होनर पँथर: पेटीवाल्याच्या बोटांना झेपेल का?

पँथर म्हणजे बटणांचं अकॉर्डियन: उजवीकडे तीन रांगांत 31 बटणं, डावीकडे साथीच्या खर्ज सुरांची 12 बास बटणं. जी-सी-एफ मॉडेलच्या तीन रांगा म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक आणि पांढरी चार. तुमचा गायक काळी एकचा असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

एकच बटण भाता मिटताना एक स्वर देतं, ओढताना दुसरा. मधल्या सी-रांगेत सा, ग, प मिटताना. रे, म, ध, नी ओढताना. मध्य सप्तकात साचं बटण धरून भाता ओढला की रे येतो, पण तार साच्या बटणावर ओढताना त्याच्या खालचा नी! पेटीवर मुरलेली बोटं हमखास इथेच फसतात. पांढरी एकमध्ये भूप छान निघतो. यमनचा तीव्र म बाहेरच्या जी-रांगेत सापडतो, तोही ओढतानाच. कोमल रे, ग, ध मात्र तिन्ही रांगांच्या मूळ स्वरांत नाहीत. भैरवीने सांगता करणाऱ्या बेळगाव-खानापूरकडच्या भजनी मंडळाने हे वाद्य घेऊन करायचं काय?

त्यांच्यासाठी क्रोमॅटिक, म्हणजे बाराही स्वर असलेलं बटण अकॉर्डियन. भाता कुठेही जावो, स्वर तोच. रांगेतल्या शेजारच्या बटणांत पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांचं अंतर. म्हणून पांढरी एकचं गाणं एक बटण सरकवलं की त्याच बोटांनी काळी दोनमध्ये. बाकी सुरांसाठी तीन रांगांत बोटं बदलावी लागतात. पाच रांगा असतील तर तेही नाही, कारण शेवटच्या दोन रांगा पहिल्यांचीच पुनरावृत्ती असतात. बटणांच्या मांडणीच्या दोन पद्धती: सी-सिस्टिममध्ये पांढरी एक बाहेरच्या रांगेत, रशियन बायानच्या (तिथल्या क्रोमॅटिक बटण अकॉर्डियनच्या) बी-सिस्टिममध्ये तिसऱ्या. मांडणी आरशातल्यासारखी उलटी, तेव्हा शिकवणारा कोणती वाजवतो ते आधी विचारा.

जुनं घेताना प्रत्येक बटण मिटताना आणि ओढताना वेगळं ऐका; क्रोमॅटिकमध्येही दोन्ही दिशांच्या रीड निराळ्या असतात. एकाच दिशेला स्वर खरखरला तर रीडखालचं मेण सुटलेलं किंवा चामड्याची पट्टी वाकलेली असू शकते. पेटीच्या रीड पितळी; या पोलादी, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात गंजतात आणि सूर ढळतो. जून ते सप्टेंबर पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. आणि पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे देण्याआधी त्याला मेणावर बसवलेल्या रीडचं काम येतं का, एवढं विचारून घ्या.