सिंहपुच्छ माकडाच्या नावाखाली 50,500 ची टोपी

आकडा आधी सांगून टाकतो: 50,500 रुपये, माझे आणि मेहुण्याचे मिळून. टूरचे माणशी 18,500, 'कोअर एरिया परमिट'चे माणशी 4,250, वर हाइडचं, म्हणजे लपून फोटो काढायच्या आडोशाचं, डिपॉझिट 5,000. ते म्हणे परत मिळणार होतं.

तमिळनाडूतल्या वालपराईच्या सदाहरित जंगलात चार दिवस सिंहपुच्छ माकडांचे फोटो काढायचे होते. पुढचं तुम्हाला पाठ आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, झकास फोटो, 'दोनच सीट उरल्यात'. कोइंबतूरला उतरलो तेव्हा टूरवाल्या साहेबांचा फोन बंद.

मी बावळट नाही हो. बारा वर्षं कॅमेरा गळ्यात आहे, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. 'हाइड' म्हटल्यावरच कान टवकारायला हवे होते. हे माकड जन्म काढतं झाडांच्या शेंड्यांवर, कळप खात खात पुढे सरकत राहतो. त्याला जमिनीवर हाइड कशाला? मी विचारलंही. तो म्हणाला, "सर, आपण फळं ठेवतो ना, खाली येतात." वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्याला आमिष! तिथेच फोन आपटायला हवा होता. मी काय विचारलं? "लेन्स कुठली आणू?"

पैसे भरताना स्क्रीनवरचं नाव वाचत जा. मला मोबाइल कव्हरच्या दुकानाचं दिसलं होतं. "भावाचं खातं आहे," म्हणाला. झालं समाधान!

आलोच होतो म्हणून पोल्लाचीहून एसटीने चाळीस हेअरपिन वळणं चढून वालपराई गाठलं. दुसऱ्या सकाळी पुदुथोट्टमच्या रस्त्यावर कळपच भेटला. एक नर कठड्यावर बसून फणसाचा गरा बोटांनी सोलत होता, करडी आयाळ दवाने चिकटलेली. खर्च शून्य. परमिट कुणी विचारलंही नाही. कसलं भारी वाटणार, मी तर मनात हिशोब करत होतो.

परत आल्यावर पोलीस ठाणं म्हणालं, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, कोइंबतूरला घडलंय ना, तिकडे द्या तक्रार. अहो, पैसे माझ्या घरातल्या सोफ्यावरून गेले! बँकेचं एकच पालुपद, "पिन तुम्हीच टाकलात." तीन हेलपाटे, दोन अर्ज, एक झेरॉक्स कमी. वर एक हवालदार म्हणतो, "माकडं बघायला पन्नास हजार? गडावर फुकट दिसतात की!"

असं फसलात तर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी चौथ्या दिवशी केला. परमिटची पीडीएफ आली तर थेट वनविभागाला विचारा.

मला त्याने ब्लॉक केलंय. काल बायकोच्या फोनवरून बघितलं: 'पुढची बॅच, 19,999, दोनच सीट'.