मोल एकच होता, बिल 1,480 डॉलरचं

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी दोन माणसं माझ्या दारात आली आणि मी त्यांना 740 डॉलरचा चेक लिहून दिला. उरलेले 740 दोन आठवड्यांनी दिले, तेही मीच फोन करून, आठवणीने. लाज वाटते ती या दुसऱ्या चेकची. पहिल्या वेळी मी गोंधळलेली होते असं निदान म्हणता तरी येतं.

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या एका उपनगरात राहतो. स्वतःचं घर घेतल्यानंतरचा हा पहिलाच वसंत. बर्फ वितळलं, पाऊस झाला, आणि एका सकाळी पाहते तर लॉनभर कुणीतरी रात्रीतून वरंबे ओढून गेल्यासारखं दिसत होतं. पाय ठेवला की जमीन भसकन खाली जायची. शेजारीण म्हणाली, "मोल." मला मोल म्हणजे गालावरचा तीळ एवढंच ठाऊक. मराठीत या प्राण्याला नेमकं नाव नाही, कारण आपल्या दख्खनच्या मातीत तो नाहीच. भारतात तो आहे तो ईशान्येकडे आणि पूर्व हिमालयात. नात्याने आपल्या चिचुंदरीच्या जवळचा, पण सगळा जन्म जमिनीखाली काढणारा. आठवड्याभरात वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं की लॉनची अवस्था सुधारा. नवरा कामासाठी बाहेरगावी, मुलगा चार वर्षांचा. अशा वेळी पिकअप ट्रक दारात उभा राहिला.

"तुमच्या मागच्या गल्लीत काम करतोय, औषध उरलंय, म्हणून विचारायला आलो." हे त्यांचं पहिलं वाक्य. मागच्या गल्लीत कुणाकडे, हे मी विचारलं नाही. दोघांतला मोठा बोलायला गोड. त्याने गुडघ्यावर बसून लॉनचा एक तुकडा कापला, गालिच्यासारखा उलटवला आणि खालच्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाडजूड अळ्या बरणीत टाकून माझ्या हातात दिल्या. "हे त्यांचं जेवण. जेवण मारलं की पाहुणे जातात." मग बोगदे मोजत बागेला एक फेरी मारली आणि निकाल दिला की इथे किमान अकरा मोल आहेत, वसाहतच आहे, पिल्लं झाली की जूनपर्यंत घराच्या पायाखाली शिरतील. घराचा पाया म्हटल्यावर कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको.

त्या दुपारी त्यांनी तीन गोष्टी केल्या. लॉनभर अळ्यांचं औषध फवारलं. एका बिनलेबलच्या बादलीतून करड्या रंगाचे दाणे काढून बोगद्यांत टाकले. आणि आठ ठिकाणी सौरऊर्जेवर चालणाऱ्या खुंट्या ठोकल्या. दर अर्ध्या मिनिटाला त्या जमिनीत 'घूंऽऽ' करायच्या. एका खुंटीचे 65 डॉलर. पुढे मी इंटरनेटवर पाहिलं, तशाच चार खुंट्यांचा डबा तीस-पस्तीस डॉलरला मिळत होता. वर लेखी हमी, 90 दिवसांची. त्या कागदावर माझा सगळा भरवसा होता.

आणि उपाय लागू पडला! मे महिन्यात थोडीफार धुसफूस राहिली, पण जून संपता संपता एकही नवा वरंबा नाही. जुलैत लॉन सपाट. मी त्यांचा छोटा फलक उन्हाळाभर अंगणात मिरवला, इंटरनेटवर पाच तारे दिले, आणि मंडळाच्या सहलीत दोन मराठी कुटुंबांना त्यांचा नंबर दिला. एकीला तर आग्रह केला. ती "बघू" म्हणत होती, मीच म्हटलं, "अगं, पाया पोखरला म्हणजे?"

सप्टेंबरात दोन मोठे पाऊस झाले. तिसऱ्या सकाळी वरंबे परत. खुंट्या घूंऽऽ करतायत आणि त्यांतल्या एका खुंटीला अगदी खेटून नवा बोगदा गेलेला. फोन केला तर आवाज तोच, गोडवा थोडा कमी. हमी जुलैच्या अखेरीस संपली, हे नवे मोल आहेत, शरद ऋतूचं वेगळं पॅकेज आहे, 890 डॉलर. मी हो म्हणायच्या बेतात होते. खरंच होते.

अडवलं ते सासऱ्यांनी. अप्पा ऑगस्टमध्ये कराडहून आले होते. सगळी हयात उसात गेलेली, त्यामुळे इथे रिकामं बसून जीव आंबलेला. मी त्यांना फोनवरचे एप्रिलचे फोटो दाखवले. बरणीतली अळी बघताच म्हणाले, "ही हुमणी की!" हुमणी म्हणजे उसाच्या मुळ्या कुरतडणारी अळी. इथली जात वेगळी, पण घराणं एकच, भुंगेऱ्यांचं. "आन् एवढी थोराड झाल्यावर फवारलं? थोराड हुमणी औषधाला दाद देत न्हाई. ल्हान असताना धरायची असती." मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी पाच महिन्यांत एकदाही कुणाला विचारला नव्हता. "ह्ये जनावर खातंय काय, ते इचारलंस का?"

"अळ्या खातं म्हणाले."

"मग दाणं कशाला टाकलं?"

मी गप्प. अप्पांनी खुरपं घेऊन बोगद्याशेजारी वीतभर खणलं. हुमणी एक निघाली, गांडुळं मुठीत मावेनात एवढी. "ह्येचं ताट भरल्यालं हाय गं. तू नुसती चटणी काढून घेतलीस." गराजमध्ये त्या माणसांनी 'पुढच्या वेळेसाठी' ठेवलेली अर्धी बादली होती. तिचं झाकण उघडताच लसणीसारखा वास आला, आणि अप्पांनी झाकण लगेच दाबून लावलं, मुलाला घरात न्यायला सांगितलं. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड कालवलेल्या माणसाला तो वास विसरता येत नाही. ते पोटात गेलं की विषारी वायू तयार होतो. उंदराला होतं ते कुत्र्याला होतं, मुलालाही होतं. आम्ही तपासणी करून घेतली नाही, बादली घातक कचरा जमा करायच्या ठिकाणी देऊन टाकली. माझा मुलगा त्या लॉनवर उन्हाळाभर अनवाणी खेळला, हे मात्र अजून रात्री आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कृषी विस्तारसेवा कार्यालयाला फोन लावला. अमेरिकेत हे जवळजवळ प्रत्येक काउंटीसाठी असतं, राज्याच्या विद्यापीठाशी जोडलेलं. ओहायोत ते ओहायो स्टेट विद्यापीठाचं आहे. 1914 च्या कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली, आणि आपल्या कृषी विज्ञान केंद्रासारखीच ती शेतकऱ्याला आणि बागवाल्याला सल्ला देते. एप्रिलमध्ये हा एक फोन केला असता तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण वीस वर्षं या देशात राहून मला हे कार्यालय असतं हेच माहीत नव्हतं.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकेक विटी उडवली. मोल एकलकोंडा. साध्या घराच्या लॉनमध्ये बहुधा एक असतो, फार तर दोन. तो एकटाच तासाला पंधराएक फूट उथळ बोगदा काढतो, म्हणून अकरा जणांचं काम वाटतं. मुख्य अन्न गांडुळं, त्यामुळे अळ्या मारून तो उपाशी मरत नाही. तो दाणे खात नाही, रोपांच्या मुळ्याही खात नाही. मुळ्या कुरतडणारा तो व्होल, उंदरासारखा, आणि दोघांची गल्लत करूनच निम्मा माल विकला जातो. खुंट्यांविषयी विचारलं तर त्या फक्त हसल्या. याच घराण्यातल्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उपद्रवी प्राणी पळवणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, 2001 मध्येच पत्रं धाडली होती की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा हवा. हे मला नंतर वाचताना कळलं.

"मग जुलैत तो गेला कसा?" मी विचारलं.

"गेला नाही. खाली गेला."

फसवणुकीचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. वसंतात आणि शरदात, पाऊस पडून माती मऊ झाली की गांडुळं वर असतात, मग मोलही वर असतो आणि वरंबे दिसतात. उन्हाळ्यात माती सुकली की गांडुळं खोल जातात, त्यांच्यामागे तोही जातो. एप्रिलच्या शेवटी काम घ्यायचं आणि 90 दिवसांची हमी द्यायची, म्हणजे हमी संपते ती बरोबर त्याच्या अज्ञातवासात. मी काहीच केलं नसतं तरी जुलैत माझं लॉन तितकंच सपाट झालं असतं. मी 1,480 डॉलर देऊन उन्हाळा विकत घेतला होता, जो येणारच होता. त्या दोघांना मोलबद्दल काही कळत नाही असं मी आता म्हणणार नाही. त्यांना अगदी नीट कळतं.

बाईंनी सांगितलेला उपाय होता सापळा, कात्रीसारख्या जबड्यांचा, तीसएक डॉलरचा. नागमोडी फाटे सोडून द्यायचे, ते बरेचदा एकदाच वापरून टाकलेले असतात. ड्राइव्हवेच्या किंवा कुंपणाच्या कडेने सरळ जाणारा बोगदा शोधायचा, दोन-तीन ठिकाणी पायाने दाबून खूण करायची, आणि दिवसभरात जो परत उचलला जाईल तिथे सापळा लावायचा. वरून बादली पालथी घालायची, म्हणजे मुलं-कुत्री दूर राहतात. दाबण्याचं काम अप्पांनी घेतलं. रोज सकाळी चहा पिऊन स्वारी पाणंदीने निघाल्यासारखी ड्राइव्हवेच्या कडेने चालत जायची. चौथ्या दिवशी सापडला. वीतभरसुद्धा नाही, डोळे केसांत हरवलेले, पुढचे पंजे मात्र फावड्यासारखे बाहेर वळलेले. लव मखमलीसारखी मऊ, आणि कशीही कुरवाळा, उलटी फिरत नाही. अप्पा बराच वेळ बघत राहिले. "नावच मोल," म्हणाले, "मग पैसं घेनारच की." त्यानंतर त्या शरदात एकही वरंबा उठला नाही.

पैशांचं म्हणाल तर ते गेले. दारावर येऊन केलेली विक्री तीन कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा हक्क इथे कायद्याने आहे, आणि तो रद्द करायचा फॉर्म विक्रेत्यानेच द्यायचा असतो. मला दिला गेला नव्हता. तो दिला नाही तर ओहायोत रद्द करण्याची मुदत संपतही नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. कागदावरचा पत्ता टपाल कार्यालयातल्या एका भाड्याच्या पेटीचा निघाला आणि ऑक्टोबरात फोनही बंद झाला. पैसे घेऊन दुसऱ्याच्या लॉनवर औषध मारणाऱ्याकडे राज्याच्या कृषी विभागाचा परवाना लागतो, बहुतेक कीटकनाशकांच्या आणि विषांच्या डब्यांवर ईपीएचा, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, नोंदणी क्रमांक छापलेला लागतो. परवाना विचारायला एक मिनिट लागलं असतं. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयात तक्रार दिली आहे, कृषी विभागातही. दोन्हीकडून पोच आली आहे, अजून तरी एवढंच.

पाच तारे मी काढून टाकले. त्या दोन कुटुंबांना फोन करायला मात्र मला आठ दिवस लागले. एकीने 1,100 दिले होते, दुसरीने फक्त आगाऊ रक्कम. "बघू" म्हणणारी तीच. तिने ऐकून घेतलं, जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आता तो सापळा तरी दे." मी तो घेऊन गेले आणि कुठे लावायचा तेही पायाने दाबून दाखवलं. आता तो दुसऱ्या घरी आहे.