लंडन की देवनार?
लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या धोरणात काम करायचंय, तर दोन वाटा समोर येतात. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची एमएस्सी पूर्णवेळ केली तर वर्षभरात होते. कार्यक्रम आखणं, त्यांचं मूल्यमापन, देशोदेशीचे सहाध्यायी. पण फी आणि तिथलं घरभाडं जबर.

मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस) १९५६ची, मास्टर्स दोन वर्षांचं, लोकसंख्याशास्त्राच्या अंगाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा १९९२-९३च्या पहिल्या फेरीपासून याच संस्थेकडे. गर्भनिरोधनाचा भार अजून बायकांच्या नसबंदीवरच कसा पडतो, हे त्या आकड्यांतून थेट शिकता येतं. आशाताईंसोबत, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांसोबत, काम करायचं असेल, तर मी आधी देवनारच सांगेन. लंडन नोकरीची काही वर्षं झाल्यावर, शिष्यवृत्ती मिळाली तर.