सरड्याला सलाईन: आठ महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरपासून आमच्या शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात सलाईनच्या सेटनं पाणी ठिबकतंय. पहिल्या दिवशी टांगलेली बाटली बघून माय म्हणाली, "काहून रे, सरड्याले सलाईन लावलं? बिमार हाय का थो?"

बिमार नाही. वाटीत साचलेलं पाणी त्याला सहसा ओळखूच येत नाही. पानावर हलणारा थेंब दिसला की जीभ लावतो. (प्राणी येमेनकडच्या व्हेल्ड जातीचा, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेला. आपल्या रानातला धरून आणणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्या भानगडीत पडू नका.)

आधी शेतातलंच ठिबक लावून पाहिलं. वरुडकडे संत्र्याच्या बागा, घरात ड्रिपरची काय कमी! पण तासाला ४ लिटरवाला ड्रिपर दाबावर चालतो, कपाटावरच्या बाटलीतून तो दाब येत नाही. आला असता तर खोलीचं तळं झालं असतं. ऑनलाइन मागवलेल्या ठिबक-कपाची चावी तीन आठवड्यांत ढिली झाली. शेवटी मेडिकलमधून सलाईन सेट आणला. साध्या सेटमध्ये २० थेंबांचं १ मिली पाणी. दोन सेकंदांना एक थेंब ठेवला की तासाला ९० मिली. लाइन गेली तरी चालू. थेंब कमी-जास्त करायच्या चाकाखाली नळी चपटी होत जाते आणि थेंब मंदावतो, तेव्हा चाक थोडं वरखाली सरकवायचं, एवढंच.

खरी कटकट खाली आहे. तळाला खडी, वर जाळी, त्यावर माती असा थर मी हौसेनं भरला होता. पाण्याला बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती. महिन्याभरात वास सुटला, मातीतून चिलटं उठायला लागली. सगळं उपसून टाकलं. आता तळाला पीव्हीसीची फळी, मागून दोन बोटं उचललेली. पुढच्या कोपऱ्यात भोक आणि तिथून कूलरची नळी बादलीत. झाडं कुंडीतच: मनी प्लांट आणि फवारणी न केलेली जास्वंद. मातीवर मोठे गोटे, नाहीतर हा माती खातो.

तरी जास्वंदीची कुंडी ओलीच राहायची. एक दिवस खुर्ची टाकून थेंबाचा प्रवास बघत बसलो. मनी प्लांटच्या तीन पानांवरून उतरून तो बरोबर जास्वंदीच्या बुंध्याशी पडत होता. नळीचं टोक चार बोटं डावीकडे सरकवलं. आता शेवटचा थेंब थेट फळीवर पडतो. चिलटं दोन आठवड्यांत गेली.

एप्रिलमध्ये रात्री चाक सुटलं. लिटरभर पाणी आधीच भरलेल्या बादलीतून ओसंडून इन्व्हर्टरपर्यंत गेलं. तेव्हापासून बाटलीत ३०० मिलीच भरतो आणि आधी बादली रिकामी करतो. डेंग्यूच्या पाहणीला आलेल्या आशाताईंनीही बादलीत आधी टॉर्च मारला, मग वर नजर गेली आणि दोन पावलं मागे सरकल्या.

बोअरच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून आरओच्या कॅनचं वापरतो. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तासतास ठिबक लागलं. त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसला की पाणी कमी पडतंय समजायचं. मेमध्ये दोनदा दिसला. आता पावसाळ्यात सकाळी वीस मिनिटं पुरतात. दुपारपर्यंत फळी वाळली नाही तर पिंजऱ्याबाहेर पंखा लावतो, कोंदट ओलीत त्याची छाती धरते. बादलीतलं पाणी तुळशीला घालायला मायची मनाई आहे, ते दारातल्या संत्र्याच्या कलमाला जातं.